लीग काढाल, पण मेपर्यंत न्याल का?

ऑगस्ट उजाडला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘लीग काढलीये, कोड टाकतोय, पटापट जॉइन व्हा.’ तासाभरात वीस-बावीस जण आत. कुणाच्या टीमला कॅन्टीनमधल्या मिसळीचं नाव, कुणाच्या टीमला एचओडींचं टोपणनाव. पहिल्या शनिवारी दर पाच मिनिटांनी एक स्क्रीनशॉट. गणपतीत जरा शांतता, सबमिशनच्या आठवड्यात आणखी शांतता. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा वीस-बावीसांतले चार-पाच जणच आपल्या टीमकडे बघत असतात. बाकीच्यांचे कॅप्टन कधीचे जायबंदी होऊन बसलेत आणि मालकाला पत्ताच नाही. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : आरंभशूर.

फॅण्टसी फुटबॉलमध्ये कुणाला घ्यावं, कुणाला कॅप्टन करावं, हे सांगणारे पैशाला पासरी मिळतील. लीग चालवावी कशी, हे मात्र कुणी सांगत नाही. आमचं म्हणणं असं की, या खेळात शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे. दहा-बारा जणांना कुठल्याही पगाराशिवाय, सक्तीशिवाय दहा महिने एका गोष्टीत बांधून ठेवणं हे गोल मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ज्यांनी गणेश मंडळाचा मांडव घातलाय किंवा कॉलेजचा फेस्ट उभा केलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा स्वतःचा अधिकृत आणि फुकट खेळ म्हणजे फॅण्टसी प्रीमियर लीग, बोलीत एफपीएल. तुम्हाला लुटुपुटूचे १० कोटी पौंड मिळतात. त्यात १५ खेळाडू घ्यायचे : २ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबमधून तिघांपेक्षा जास्त नाहीत. दर फेरीत ११ जणांना उतरवायचं. ते प्रत्यक्ष मैदानावर जे करतील त्याचे गुण तुम्हाला. फॉरवर्डने गोल केला तर ४, मिडफिल्डरने केला तर ५, बचावपटूने केला तर ६. कॅप्टनचे गुण दुप्पट. अशा ३८ फेऱ्या. जगभरातून एक कोटीहून जास्त लोक हे खेळतात. बुद्धिबळाचा तेव्हाचा विश्वविजेता मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९मध्ये काही काळ या साऱ्यांत पहिला होता. पण तुम्हाला कार्लसनला हरवायचं नसतं. तुम्हाला शेजारच्या बाकावरच्याला हरवायचं असतं आणि त्यासाठीच खासगी लीग असते.

हा खेळ कुठल्या कंपनीने शोधलेला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बिल विंकेनबाख या गृहस्थाने काही परिचितांना जमवून अमेरिकन फुटबॉलची आठ संघांची अशी पहिली लीग काढली. १९८०मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांबरोबर बेसबॉलची लीग सुरू केली. ज्या रेस्तराँत ते जमायचे त्याचंच नाव लीगला मिळालं. ना ॲप, ना इंटरनेट. पेपरात छापून आलेले आकडे घ्यायचे आणि हाताने बेरजा करायच्या. त्यांच्याकडे होती ती दोस्तमंडळी, एक नियमावली आणि हिशेब ठेवणारा एक चिकट माणूस. आज बेरीज मोबाइल करतो. बाकीच्या दोन गोष्टी अजूनही तुम्हालाच आणाव्या लागतात.

तेव्हा पहिली गोष्ट, माणसं. कोड मोठ्या ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. त्यात हौशे, नवशे, गवशे सगळेच येतात आणि त्याच क्रमाने गळतात. आठ ते बारा जण पुरे. प्रत्येकाला स्वतः विचारा, ‘मेपर्यंत खेळशील का?’ समोरचा दोन सेकंद थांबला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि विचारताना फक्त टर्फवर येणाऱ्या मुलांनाच विचारू नका. वर्गातल्या मुलींना विचारायचं राहूनच जातं आणि मग ‘त्यांना इंटरेस्टच नसतो’ असं आपणच ठरवून टाकतो. नव्या भिडूसाठी एखाद्या संध्याकाळी बसून नियम समजावून सांगा. ऑफसाइड कळत नसला तरी हा खेळ खेळता येतो.

दुसरी गोष्ट, प्रकार. ‘क्लासिक’मध्ये सगळ्यांचे एकूण गुण मोजले जातात. ‘हेड टू हेड’मध्ये दर फेरीत एकाशी सामना, जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. क्लासिकमध्ये खरा हुशार जिंकतो, पण मागे पडलेला लवकर कंटाळतो. हेड टू हेडमध्ये नशीब जास्त, पण शेवटून दुसऱ्यालाही शनिवारी कुणाला तरी हरवायची आशा असते. वर्गाच्या लीगसाठी आम्ही दुसरा प्रकार सुचवू. संख्या विषम झाली तरी बिघडत नाही, उरलेल्याचा सामना सरासरी गुणांशी लावला जातो. आणि सगळेच मुरलेले असतील तर ‘ड्राफ्ट’ खेळा. त्यात एक खेळाडू एकाच मालकाकडे. ड्राफ्टच्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत जो गलका होतो, त्यापुढे आयपीएलचा लिलाव फिका.

तिसरी गोष्ट, नियम. ते पहिल्या शिट्टीच्या आधी लिहून ग्रुपवर पिन करा. लिहून म्हणजे खरोखर लिहून, ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ नाही. बक्षीस काय, बरोबरी झाली तर काय, सलग चार फेऱ्या टीमला हात न लावणाऱ्याचं काय. नियम बदलायचा असेल तर पुढच्या हंगामापासून. ॲडमिन स्वतः पहिल्या नंबरावर असताना त्यानेच नियम बदलला, तर ती लीग त्याच दिवशी संपली असं समजा.

वेळेचं गणितही ॲडमिननेच सांभाळायचं. टीम बदलायची मुदत फेरीच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी संपते. शनिवारचा दुपारी साडेबाराचा इंग्लंडमधला सामना उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळी पाचला, म्हणजे मुदत साडेतीनला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तीच मुदत साडेचार होते. पहिला सामना शुक्रवारी रात्री असेल तर मात्र खरी पंचाईत. शनिवारच्या भरवशावर राहिलेले निम्मे लोक तिथेच चुकतात. गुरुवारी रात्री एक आठवण टाका. एका ओळीचं काम आहे, पण लीग अशा एका ओळीवरच जगते.

आता दिवाळीनंतरच्या ओसाडीचं काय? त्यावर उपाय एकच : मागे पडलेल्याला नवी सुरुवात द्या. एफपीएलच्या तक्त्यात महिन्यागणिक गुण वेगळे दिसतात, त्यामुळे ‘महिन्याचा मानकरी’ ठरवा. ऑगस्टमध्ये बुडालेला माणूस नोव्हेंबर जिंकू शकतो. २०२५-२६च्या हंगामापासून ट्रिपल कॅप्टनसारख्या चिपही हंगामाच्या दोन्ही अर्ध्यांत स्वतंत्र मिळू लागल्या. म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनाही ही मधली मरगळ ओळखता आली. तुम्हीही २०व्या फेरीपासून मोजणारी दुसरी लीग उघडा. सेमिस्टरच्या परीक्षा संपलेल्या, नवं वर्ष, सगळे शून्यावर. आणि ज्याची केटी लागलीये त्याने दोन फेऱ्या टीमला हात लावला नाही, तर त्याची टिंगल करण्याआधी तो बरा आहे का, ते विचारा.

आता मुख्य मुद्दा, पैसा. ‘प्रत्येकी पाचशे काढू, जिंकेल त्याचे’ ही सूचना दुसऱ्याच दिवशी येते आणि निरागस वाटते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. ‘हा जुगार नाही, अभ्यास आहे’ हा बचाव तिथेच संपला. ड्रीम११सारख्या ॲपना पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा आणि आपल्याच वर्गाकडे बघा. पाचशे रुपये कुणासाठी एका सिनेमाचे, तर कुणासाठी मेसच्या आठवड्याचे असतात. ज्याला ते जड जातात तो ‘मला जमणार नाही’ असं क्वचितच म्हणतो. तो ‘मला फुटबॉल आवडत नाही’ म्हणतो आणि बाजूला होतो. जो उरतो त्याचे पैसे अडकले की गंमत जाते आणि हिशेब सुरू होतो. कुणी दिले, कुणी नाही, जीपेचा स्क्रीनशॉट दाखव. पैसे धरून बसलेल्या ॲडमिनचं मित्र असणं संपतं, तो वसुलीवाला होतो.

ओक्रेंटच्या मंडळींनी खिशातले डॉलर लावले होते, हे खरं आहे. पण त्या लीगची आठवण सांगताना लोकांच्या तोंडी येते ती विजेत्याच्या डोक्यावर चॉकलेटचं पेय ओतायची त्यांची प्रथा. बक्षीस असं हवं. जुन्या बाजारातून आणलेला एखादा पितळी पेला, त्यावर दरवर्षी एक नाव. बारा जणांनी मिळून दिलेली एक मिसळ. बस.

शेवटून पहिल्याची शिक्षा हाही असाच घसरडा प्रकार. ‘वर्गासमोर गाणं म्हण’ इथपर्यंत ठीक, पण तेही त्याने आधी मान्य केलं असेल तर. लीगमध्ये सीनियर-ज्युनियर एकत्र असतील आणि शिक्षा सीनियर ठरवत असतील, तर तिला फॅण्टसीचं नाव दिल्याने ते रॅगिंग व्हायचं थांबत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे. शिक्षा सगळ्यांच्या संमतीने, आधी लिहिलेली आणि हसत करता येईल अशीच हवी. खेळाडूंबद्दलही तेच. तुमच्या कॅप्टनचा गुडघा गेला तर तुमचे गुण बुडतात, पण त्याचा गुडघा जातो. त्याच्या पेजवर जाऊन शिव्या लिहिणाऱ्याला लीगमध्ये जागा नसावी, हाही एक नियम पिन करा.

आणि ज्यांना जरा जास्त खाज आहे त्यांच्यासाठी एक आव्हान. सगळी अक्कल मँचेस्टर आणि लिव्हरपूलवरच का खर्च करायची? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ भिडतात तेव्हा गॅलरी ओसंडून वाहते. त्या लीगची फॅण्टसी कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. तुम्ही बनवा. खेळाडूंच्या किमती तुम्ही ठरवा, गोल आणि कार्ड यांपुरतेच गुण ठेवा, सामना मैदानावर जाऊन बघा आणि रात्री एक्सेलमध्ये बेरीज मांडा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचीही अशीच लीग होऊ शकते. इथे तर पैशाचं नावही नको, कारण खेळाडू तुमच्याच गल्लीतला असतो आणि उद्या टपरीवर भेटणार असतो. पण आपल्या कॉलेजचा लेफ्ट बॅक किती चांगला आहे, हे पहिल्यांदा वर्गाला कळेल. त्यालाही कळेल की कुणीतरी बघतंय.

प्रीमियर लीगचा हंगाम मेच्या अखेरीस संपतो. तोवर तुमच्यातले काही जण शेवटचा पेपर देऊन खोली रिकामी करत असतील. पुढच्या ऑगस्टला कुणी बंगळूरला, कुणी एमएसला, कुणी यूपीएससीच्या अभ्यासिकेत. कॉलेजचे ग्रुप तेव्हा हळूहळू वाढदिवसांपुरते उरतात. ज्या ग्रुपला दर शनिवारी भांडायला काहीतरी असतं, तो टिकतो. म्हणून ॲडमिन व्हा, पण व्हायच्या आधी ३८पर्यंत मोजायची तयारी ठेवा. कोड काय, कुणीही टाकतो.