श्रद्धा आणि सुधारणा

शहापूर-मुरबाडाकडील एका भगिनीनें विचारलें आहे : ख्रिस्ती राहून सुधारक होतां येतें काय? पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहावें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हां मठवासी भगिनी त्यांस आज्ञाधारकपणा शिकवूं लागल्या. भिक्षुकशाहीचें जूं नुकतेंच झुगारलेल्या बाईंनीं पाद्र्यांचें जूं मानेवर घेतलें नाहीं. क्रूसावर लॅटिन कां, संस्कृत हवें, हाही त्यांचा हट्ट! (आम्हांस तो फार आवडतो.) ख्रिस्तावर श्रद्धा पूर्ण, त्याच्या वचनांचा अर्थ मात्र स्वतः लावावयाचा. विधवांसाठीं १८८९ सालीं काढलेल्या शारदासदनापासून धर्मांतराच्या संशयावरून १८९३ सालीं रानडे-भांडारकर दूर झाले. संशय अगदींच निराधार नव्हता. तथापि तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षीं धोंडो केशव कर्व्यांशीं पुनर्विवाह करून हिंदूच राहिल्या.