न दिसणारी फट

मिरजेस गाडी बदलण्याचे दिवस आमच्या पिढीतील वाचकांच्या स्मरणात असतील. पुण्याकडून १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून यावे, मिरजेस उतरावे आणि १,००० मिलिमीटरच्या मीटर गेजच्या गाडीत बसून बेळगाव, खानापूर करीत लोंढ्यास पोहोचावे, असा क्रम असे. आमच्या मातोश्री नव्या डब्यात सामान चढले की नग मोजीत. तोवर गाडी सुटली तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्ग रुंद झाला आणि ती यातायात संपली. परंतु नग मोजण्याची गरज संपलेली नाही, हे आम्हांस नुकतेच आमच्या भाच्याकडून कळले.

हा मुलगा लोंढ्याहून रोज रेल्वेने बेळगावास, उद्यमबागेतील एका लहानशा कारखान्यात जातो. परगावच्या गिऱ्हाइकाने धाडलेले त्रिमितीय मॉडेल संगणकावर उघडावयाचे आणि त्यावरून कारागिरांसाठी ड्रॉइंग काढावयाचे, हे त्याचे काम. गिऱ्हाइकाची संगणकप्रणाली एक, याची दुसरी. म्हणून मॉडेल एखाद्या मध्यस्थ भाषेतून यावे लागते. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘आयजीईएस’ ही त्यांतील जुनी. १९९४ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्टेप’ ही नंतरची. जुनीतून बहुधा भरीव वस्तू येत नाही. तिची नुसती कातडी, म्हणजे पृष्ठभागांचे सुटे तुकडे येतात. शिवाय दोन प्रणालींची अचूकतेची मर्यादा निराळी असते. एकीला जुळलेल्या वाटणाऱ्या कडा दुसरीला विलग भासतात. पडद्यावर मात्र सारे गुळगुळीत दिसते.

असेच एक बेअरिंगचे घर त्याच्याकडे आले. छेददृश्यात तिरक्या रेघा भरल्या जाईनात, कारण कातडी बंद नव्हती. काही कडा दुहेरी उमटल्या होत्या. भोकाचा गोल पृष्ठभाग भाषांतरात शुद्ध दंडगोल न राहता तुकड्यांचा वक्र झाला होता, आणि त्याच्यावर दुसरा एक तसाच पृष्ठभाग चढला होता. व्यास आपोआप मिळेना, तेव्हा याने दोन रेघांमधील अंतर मोजले. दुहेरी रेघांपैकी बाहेरच्या पकडल्या गेल्या. ड्रॉइंगवर ५२.०८ हा आकडा पडला.

लेथवरच्या वयोवृद्ध मेस्त्रींनी कागद पाहिला आणि विचारले, “काय रे पोरा, ह्यात ६२०५ चं बेअरिंग बसायचं न्हवं? मग बावन्नच्या पुढं हे झिरो आठ कुठनं आलं?”

६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर. नेहमीच्या ‘एच ७’ बसणीत त्या मापाच्या भोकाला ०.०३ मिलिमीटरपर्यंतच मोठे होण्याची मुभा. ०.०८ वाढले असते तर बाहेरची कडी घरातच फिरू लागली असती आणि बैठक झिजून गेली असती.

भाच्याच्या मनात आले, आकडा पुसून ५२ लिहावे. सोपा मार्ग होता. पण मग कागद खरे बोलला असता आणि मॉडेल खोटे. आणि यंत्राचा प्रोग्राम त्याच मॉडेलावरून निघावयाचा होता. म्हणून तो मुळाशी गेला. प्रथम एकके तपासली, कारण इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत २५.४ पटींची असते. मग दुहेरी पृष्ठभाग आणि सुईसारख्या बारीक चिंधड्या काढून टाकल्या. जेथे दंडगोल वा सपाट भाग असावयास हवा तेथे तुकड्यांचा वक्र हटवून शुद्ध आकार बसविला. उघड्या कडा शोधून लगतचे भाग वाढवले, छाटले आणि गोधडीसारखे शिवले. प्रणाली सुचवीत होती की, जुळणीची मर्यादा सैल करा, फट आपोआप मिटेल. तसे केल्याने फट मिटत नाही, झाकली जाते. ते त्याने टाळले. कातडी पूर्ण बंद होऊन वस्तू भरीव झाल्यावर मूळ मॉडेलाशी ताडून पाहिले, गिऱ्हाइकाकडून बोअरच्या मापाची खात्री करून घेतली आणि मगच नवे ड्रॉइंग काढले. दोन दिवस गेले. मालक कुरकुरले, परंतु बिघडलेल्या कास्टिंगांचा ढीग त्यांनाही परवडला नसता.

आमच्या घरांतून पुष्कळ मुलेमुली आज अशा कामांत आहेत. त्यांची यंत्रे आम्हांस उमगत नाहीत. तथापि बावन्नाचा आकडा पडद्याने ओळखला नाही. हातांनी शेकडो बेअरिंगे बसविलेल्या माणसाने ओळखला. ज्यास उत्तराचा अंदाज आधी असतो, त्यासच चूक दिसते. तो अंदाज मेस्त्रींपाशी उभे राहून, विचारून मिळवावा लागतो.

भाच्याने आता एक शिरस्ता घातला आहे. मॉडेल आले की त्यातील तीन महत्त्वाची मापे तो गिऱ्हाइकाकडून लेखी मागवितो. ती हाती येईपर्यंत ड्रॉइंगला हात लावीत नाही.