भंगाराच्या वाटेवरचे संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला दिले जाणारे नियमित साहाय्य थांबविले. ‘विंडोज ११’ला हवा असलेला प्रोसेसर व सुरक्षा-चिप नाही एवढ्याच कारणास्तव कार्यालयांतील असंख्य धडधाकट संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले. दुसरीकडे, एका पडद्याभोवती सात-आठ मुले दाटीने उभी राहून ‘संगणक शिक्षण’ घेतात, अशा शाळा आपल्या वाचकांनी पाहिलेल्या आहेतच. ही दोन टोके जोडता येतील काय?

जोडता येतात, असा अनुभव आहे. कॅनडाने १९९३ साली वापरलेले संगणक दुरुस्त करून शाळांना देण्याची योजना आखली. तिच्या धर्तीवर कोलंबियाने २००० साली आपला राष्ट्रीय कार्यक्रम उभारला आणि पुढे निकामी यंत्रे सुटी करण्यासाठी वेगळे केंद्रही चालविले. आपल्या शेजारी गोव्यातही, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, परदेशातून आलेले शेकडो वापरलेले संगणक लिनक्सवर चालवून शाळांत बसविण्यात आले होते.

मात्र दहा दात्यांकडून दहा प्रकारची यंत्रे स्वीकारणे म्हणजे शाळेत भंगाराचे दुकान मांडणे होय. डीडीआर-३ची रॅम डीडीआर-४च्या खाचेत बसत नाही. एका कंपनीचा पॉवर सप्लाय दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला जुळेलच असे नाही. म्हणून एकाच कार्यालयातून एकाच मॉडेलचे संच मागावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहांपैकी सात उभे राहिले, तर उरलेले तीन पुढील काही वर्षांचा सुट्या भागांचा साठा ठरतात. माहिती बाहेर जाण्याच्या भीतीने दाते हार्ड डिस्क काढून घेतात. ते योग्यच आहे. तिच्या जागी लहानशी नवी एसएसडी घालावी. मंदावलेल्या यंत्राला तीच सर्वाधिक वेग देते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरणाऱ्यास बाकीचे भाग मिळणे कठीण नाही. लिनक्सला परवान्याचे शुल्क पडत नाही, आणि त्यात मराठीही लिहिता येते.

खरी अडचण माणसाची आहे. फुगलेला कपॅसिटर ओळखणारा, मदरबोर्डवरचा संपलेला सेल बदलणारा कारागीर महिन्यातून एकदा शाळेत यावयास हवा आणि त्याला मानधन मिळावयास हवे. देणगीदार यंत्रे देतात, फीतही कापतात. या मानधनाचे नाव मात्र कोणी काढत नाही. शाळेच्या व्यवस्थापनाने यंत्रे उतरवून घेण्यापूर्वीच त्याची तरतूद करावी, आणि अगदीच निकामी झालेले भाग, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावेत.