उतरलेला कोट

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे आमच्याकडे मोठ्या ऐटीत म्हणतात. का म्हणतात ते विचारू नये. विचारलेत तर परभणीकर तुम्हाला चहा पाजील आणि विषय बदलील. आमच्या भाचीने मात्र जर्मनी सोडून कॅनडा धरला. येथल्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन ती गेल्या वर्षी ऑगस्टात पुढे शिकायला विनिपेगला गेली. मॅनिटोबा प्रांताची ही राजधानी. जानेवारीत तेथले सरासरी तपमान शून्याखाली १६ अंशांच्या आसपास असते आणि एखाद्या रात्री पारा वजा ३० वर गेला, तरी ती कोणाला बातमी वाटत नाही.

परभणीला थंडी ठाऊकच नाही असे मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकांनी समजू नये. मे महिन्यात ४४ अंशांवर माणसे भाजून काढणारे हे गाव डिसेंबर-जानेवारीत कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरते. विद्यापीठातल्या हवामान केंद्राचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो आणि जणू तो आपल्याच कर्तबगारीने आला अशा थाटात आम्ही कानाला मफलर गुंडाळून गांधी पार्कात चहा प्यायला जातो. त्यामुळे थंडीतले आपल्याला कळते असा गैरसमज येथे घरोघरी असतो. आमच्या अक्काच्या घरी तो जरा जास्तच होता.

प्रवेशाचे पत्र येण्याच्याही आधी, आदल्या दिवाळीपासूनच तिने खरेदीला आरंभ केला. दिवाळी सरली की तिबेटी मंडळी आमच्याकडे स्वेटरांचे ढीग घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. १९५९ नंतर ही मंडळी निर्वासित होऊन भारतात आली. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावापाशी त्यांची १९७२ पासूनची वसाहत आहे. माल बहुतेक लुधियानाचा. जगातल्या एका अतिथंड पठारावरची माणसे गोदाकाठच्या लोकांना लोकर विकतात, याची मला नेहमी मौज वाटते. अक्काने त्यांतल्या एका बाईंपुढे ठाण मांडले आणि मुलगी कॅनडाला जायची आहे, सर्वांत जाड असेल ते काढा, असे फर्मावले. बाईंनी ढिगाला हातही लावला नाही. म्हणाल्या, “दीदी, ये परभणी का ठंडी के लिए है. उधर का कोट उधर लेना.”

विकायला बसलेल्या माणसाने घेऊ नका म्हणावे, यावर अक्काचा विश्वास बसेना. बाईंना भाव वाढवायचा असावा असे तिने ठरवले आणि पुढे एका मोठ्या शहरात जाऊन दाजींच्या खिशातले साडेचार हजार रुपये एका जाडजूड जाकिटावर उधळले. ‘वजा वीसची गॅरंटी’ असे दुकानदार म्हणाला. त्या गृहस्थाने आयुष्यात अधिक दहासुद्धा पाहिले असतील की नाही, शंकाच आहे.

विमानात २३-२३ किलोंच्या दोन बॅगा नेता येत होत्या. एका बॅगेचा निम्मा भाग त्या जाकिटाने खाल्ला, उरलेल्या निम्म्यात वाकळ बसली. वाकळ म्हणजे तुमची गोधडी. आमच्या आईची दोन लुगडी, दाजींची धोतरे आणि अक्काच्या लग्नातले एक पातळ असा सारा वंशवृक्ष तिच्यात शिवलेला आहे. भाची कुरकुरली, पण अक्कापुढे काय चालणार?

नोव्हेंबरात जाकिटाची परीक्षा झाली आणि ते सपशेल नापास झाले. जाडी होती, पण वारा आरपार जाई. विनिपेगात खरा शत्रू वाराच. तेथला पोर्टेज आणि मेन या दोन रस्त्यांचा नाका वाऱ्यासाठी प्रसिद्धच आहे. वारा धरून जाणवणारी थंडी वजा २८ च्या खाली गेली की उघडे कातडे दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असा तेथल्या हवामान खात्याचा इशारा असतो. भाची बसची वाट पाहत उभी होती. कानाची पाळी आधी दुखली, मग दुखायची थांबली. दुखायची थांबली म्हणून तिला बरे वाटले! शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला ओढून दुकानात नेले आणि दुखायचे थांबते तेव्हाच घाबरायचे असते, हे समजावून सांगितले. कान वाचला.

कपड्यांची ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या त्या नऊवारी नेसून. पोटऱ्या उघड्या टाकणाऱ्या त्या नेसणीचा त्या हवेत निभाव लागेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. परका पोशाख मात्र त्यांनी पत्करला नाही. १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने पुण्यात गेल्या. तो क्षय थंडीनेच झाला असे म्हणता येणार नाही. पण परमुलखातल्या हिवाळ्यात आपल्या रीतीला किती मुरड घालायची, हा प्रश्न त्या मुलीला रोज सकाळी पडत असेल.

भाचीला तो पैशाच्या रूपाने पडला. नवा चांगला कोट तीनशे-चारशे डॉलरचा, म्हणजे वीस हजारांच्या घरात. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे. तेव्हा वर्गातल्या एका मुलीने तिला जुन्या कपड्यांच्या दुकानात नेले. तेथे तिला पंचवीस डॉलरांत गुडघ्यापर्यंतचा, आत पिसे भरलेला, टोपीसकट कोट मिळाला. दीड हजार रुपये! पोरीने धुऊन, वाळवून अंगात घातला आणि अक्काला काही सांगितले नाही. महिनाभर फोनवर बोलताना ती नेमाने साडेचार हजारांचे जाकीट घालून बसे. पुढे मैत्रिणीने एक फोटो कोठेतरी टाकला आणि बिंग फुटले.

अक्का दोन दिवस जेवली नाही असे दाजी म्हणाले. (एक दिवस एकादशी होती.) मला बोलावून घेतले. म्हणाली, “अरे, आपण जुने कपडे बोहारणीला देतो. बोहारणीकडून कोणी घेतो का? कोण कुठला माणूस, जिवंत आहे की मेला, त्याच्या अंगावरचे उतरलेले माझ्या पोरीने घालायचे? एवढे का आम्ही भिकेला लागलो?”

हसण्यावारी नेण्यासारखे हे बोलणे नव्हते. आपल्या पिढीने थोरल्याचे कपडे धाकट्याला घातले. पण ते घरातले. परक्याचे उतरलेले घालणे म्हणजे उपकार घेणे, आणि उपकार घ्यायचे नाहीत एवढ्या एका गोष्टीवर मध्यमवर्गाने संसार रेटले. तिकडून भाची फोनवर रडत होती, “मामा, तुम्हीच सांगा ना आईला. इथे प्रोफेसरसुद्धा तिथे जातात.”

मग मी त्या दुकानांची थोडी माहिती काढली. परभणीस कृषी विद्यापीठ झाले त्याच १९७२ साली, आपल्याकडे दुष्काळात माणसे खडी फोडत होती तेव्हा, मॅनिटोबातल्या आल्टोना नावाच्या गावी मेनोनाइट पंथाच्या चार बायकांनी असे एक दुकान काढले. लोकांनी कपडे आणून द्यायचे, ते स्वस्तात विकायचे आणि येणारा पैसा जगातल्या अडल्यानडल्यांकडे पाठवायचा. पुढे अशी दुकाने कॅनडा-अमेरिकेत पुष्कळ झाली. हा पंथही तेथला मूळचा नव्हे. १८७४ पासून रशियाच्या मुलखातून येऊन तो मॅनिटोबात वसला. म्हणजे भाचीचा पैसा भिकेचा नव्हता, तो धर्मादायात गेला होता. मी हे सर्व अक्काला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि “असेल” म्हणाली. ‘असेल’ म्हणजे ‘नाही’, हे आम्हा भावंडांना पाठ आहे.

काम केले ते दाजींनी. एरवी त्यांना बोलताना मी क्वचितच पाहिले आहे. ते म्हणाले, “वाकळीत माझी धोतरं आहेतच की.” अक्का काही बोलली नाही. संध्याकाळी तिने फोन लावला आणि म्हणाली, “तो कोट जरा आतून उलटा करून दाखव.” मग अस्तर, बगला, बाह्यांची टोके, चेन असे सगळे तपासून झाले. बगलेत एक टाका सुटला होता, तो कसा घालायचा ते तिने तासभर शिकवले.

आता अक्का या विषयातली जाणकार झाली आहे. या उन्हाळ्यात जिंतूरच्या एक बाई यादी मागायला आल्या. त्यांचा मुलगा तिकडे निघाला होता. अक्काने त्यांना सांगितले की अंगालगत सुती काही नको, सूत घाम धरते आणि ओले राहिले की गारठवते. तेव्हा आतले थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे आणि मधे घालायला एखादा स्वेटर एवढे येथून न्यावे, कारण ऊब कापडाच्या जाडीत नसते, थरांमध्ये कोंडलेल्या हवेत असते. बूट तेथेच आणि शक्यतो नवे घ्यावेत, तळ भेगाळलेला असला की बर्फाचे पाणी आत येते. कोट सप्टेंबरातच शोधावा, थंडी पडल्यावर चांगले उरत नाहीत. पिसांचे गोळे झाले आहेत का ते चाचपावे आणि चेन दहादा वरखाली करून पाहावी.

“पण कोट इथून नेलेला बरा ना?” बाईंनी भीतभीत विचारले.

“उधर का कोट उधर लेना,” अक्का म्हणाली. “वाकळ मात्र न्या. साडेतीन किलो भरली तरी चालेल.”