सिरॅमिकला घाई मानवत नाही

दाताला कॅप बसवायची म्हटले की हल्ली दंतवैद्य झिर्कोनियाचे नाव घेतात. रंग दातासारखा, गंजण्याचा प्रश्न नाही आणि झीजही कमी. झिर्कोनिया हे सिरॅमिक, म्हणजे आपल्या कपबशीच्याच कुळातले. आता अशा सिरॅमिकच्या वस्तू लेझरच्या साहाय्याने थरावर थर रचून, रुग्णाच्या नेमक्या मापाने घडवता येऊ लागल्या आहेत. थ्रीडी प्रिंटिंगच्या या करामतीचे कौतुक व्हायलाच हवे. पण आकार मिळणे वेगळे आणि ताकद मिळणे वेगळे. सिरॅमिकच्या बाबतीत हा फरक विसरणे रुग्णाला महागात पडू शकते.

लेझर ही कामे मुख्यत: दोन प्रकारे करतो. पहिल्यात सिरॅमिकची पूड प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कालवतात. लेझर फिरतो तेथे रेझिन घट्ट होते, सिरॅमिक नव्हे. हाती येते ती कच्ची वस्तू, न भाजलेल्या मडक्यासारखी. मग रेझिन हळूहळू जाळून काढायचे आणि वस्तू भट्टीत भाजायची. झिर्कोनियाला त्यासाठी सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेथे पुडीचे कण न वितळताच एकमेकांना चिकटतात आणि वस्तू आकसते. रेझिन जाळताना घाई केली, तर आत कोंडलेला वायू तडे पाडून बाहेर येतो.

दुसऱ्या प्रकारात लेझर थेट पूडच वितळवतो. अॅल्युमिना वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, झिर्कोनियाला सुमारे २७०० अंश. लेझरचा ठिपका पुढे सरकला की वितळलेला थेंब निमिषार्धात गोठतो. एका बाजूला उकळता रस आणि जवळच त्या मानाने थंड घन भाग. थंड होणारा भाग आकसू पाहतो, शेजारचा त्याला धरून ठेवतो. धातू असा ताण थोडा वाकून सोसतो. सिरॅमिकला वाकणे ठाऊक नाही, ते तडकते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर काय होते, हे घरोघरी माहीत आहे.

यावर उपाय आहेत. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी अॅल्युमिना आणि झिर्कोनिया अशा प्रमाणात मिसळले, की मिश्रण दोहोंपेक्षा कमी तापमानाला वितळते आणि गोठताना दोन्हींचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात. शिवाय त्यांनी सगळा थरच सुमारे १६०० अंशांपर्यंत आधीच तापवून ठेवला, म्हणजे तापमानाची दरी कमी झाली. तडे टळले, ताकदही चांगली आली. पण वितळलेला रस पसरल्याने पृष्ठभाग खडबडीत राहिला. एक अडचण सोडवावी तर दुसरी उभी, अशी ही वाट आहे.

भाजण्यातला फरक शरीरात किती भोवतो, याचा दाखला २००१ मध्ये मिळाला. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसवलेले झिर्कोनियाचे गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटू लागले आणि त्या फ्रेंच उत्पादकाला ते बाजारातून परत बोलवावे लागले. हे गोळे छापलेले नव्हते. नेहमीच्या पद्धतीनेच बनले होते. बदलली होती ती भट्टी: एकेक घाणा भाजण्याऐवजी माल सलग पुढे सरकत भाजला जाऊ लागला होता. झिर्कोनियाच्या स्फटिकांची रचना बदलली की ते फुगतात. हा बदल रोखून धरण्यासाठी त्यात इट्रिया मिसळतात; तरी नीट न भाजलेल्या वस्तूत शरीरातील ओलाव्याने तो बदल लवकर सुरू होतो.

म्हणूनच केवळ ‘थ्रीडी प्रिंटेड’ या शब्दांवर भाळून चालणार नाही. दातांच्या प्रयोगशाळांत काही तासांचे भाजणे अर्ध्या तासात उरकणाऱ्या भट्ट्या आल्या आहेत. त्या वाईट आहेत असे नाही. पण त्या वेगासाठी बनवलेलीच पूड वापरली आणि उत्पादकाने दिलेले तापमान व वेळ पाळली, तरच त्यांचा भरवसा. शरीरात बसणाऱ्या प्रत्येक सिरॅमिक वस्तूबरोबर तिच्या भाजण्याची नोंद राहावी, असा आग्रह नियामकांनी धरायला हवा. पूड कोणती, तापमान किती, थंड व्हायला वेळ किती आणि चाचणी कोणती, एवढे चार रकाने पुरेत. रुग्णानेही कॅपचे बिल घेताना साहित्याचे हमीपत्र मागावे.

आवा पेटवणे सोपे. तो निवेपर्यंत थांबणे हे कुंभाराचे खरे कसब. लेझर हाती आला म्हणून त्या थांबण्याची गरज संपलेली नाही.