राणीच्या बागेची सहल वर्षातून एकदा नको, चार वेळा हवी



सहलीचे दिवस जवळ आले की मुंबईतल्या बहुतेक शाळांच्या यादीत एक नाव हमखास असतं, राणीची बाग. कागदावर तिचं नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असं आहे, पण आपल्या तोंडी राणीची बागच बसलेलं आहे. बस येते, मुलं जोडीजोडीने हात धरून आत जातात, पेंग्विन बघतात, वाघ बघतात, डबा खातात आणि परत येतात. दुसऱ्या दिवशी आपण फळ्यावर विषय लिहितो, 'आम्ही पाहिलेले प्राणिसंग्रहालय'. चाळीस वह्यांमध्ये चाळीस पेंग्विन!

मीही अनेक वर्षं हेच केलं. एकदा पाचवीच्या वर्गाला घेऊन गेले होते. डबा खायला आम्ही ज्या झाडाखाली बसलो त्याच्या खोडालाच गुलाबी-लाल फुलं लगडलेली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, हे कुठलं झाड? याला फांदीला सोडून खोडाला फुलं का आली?" मी म्हटलं, "अगं, असेल एखादं रानटी झाड. डबा संपव आधी." घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, तो कैलासपती होता. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फुलाच्या आत शंकराच्या पिंडीवर नागाने फणा धरावा तसा आकार असतो, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. इतका सुंदर पाठ माझ्या डोक्यावर लटकत होता आणि मी "डबा संपव" म्हणाले. ती गोष्ट आजही मनाला लागून राहिली आहे.

म्हणून आज एक मत मांडायचं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर जरूर वाद घाला.

ही आधी झाडांची बाग आहे

राणीची बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली, तीही वनस्पती उद्यान म्हणून. प्राण्यांचे पिंजरे नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले. इथे सुमारे तीन हजार झाडं आहेत आणि त्यांच्या जाती अडीचशेच्या वर आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशातली उर्वशी आहे आणि आपला सीता अशोकही आहे. शेजारी 1872 साली सुरू झालेलं, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यामुळे 'एलिफंटा' हे नाव मिळालं तो दगडी हत्तीही त्याच आवारात उभा आहे. परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल, सगळं एका फाटकाच्या आत! आणि आपण मात्र पिंजऱ्यापाशी रांग लावून उभे राहतो. प्राणी बघू नयेत असं मी म्हणत नाही, पण पेंग्विन जून असो की डिसेंबर, गार काचेच्या खोलीतच राहणार. ऋतू बघायचे असतील तर झाडांकडेच जायला हवं.

बागेचं वर्ष

जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर काटेसावर पानं टाकून लाल फुलांनी भरलेली दिसेल आणि फुलांवर कावळे, मैना, बुलबुल यांची नुसती झुंबड. त्याच सुमाराला सीता अशोकाला केशरी गुच्छ येतात. उर्वशीची लांब लोंबणारी फुलं पाहिली की ती वरून कुणीतरी दोऱ्याला बांधून सोडली आहेत असंच मुलांना वाटतं.

एप्रिल-मे म्हणजे बहावा आणि ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यफूल. प्रश्नमंजुषेत मुलं ते पाठ करून सांगतात, पण झाड समोर उभं केलं तर ओळखत नाहीत. उन्हाळ्यात गोरखचिंच निष्पर्ण असते, जाडजूड खोड तेवढं दिसतं. पाऊस पडला की तिला पानं फुटतात. तिची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात. वटवाघळं बागेत उंच झाडांवर उलटी टांगलेली दिसतात. "ई, घाणेरडी!" म्हणणाऱ्या मुलांना हे नातं सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

जून-जुलैमध्ये कदंबाचे पिवळे चेंडू, खोडांवर शेवाळ, गोगलगायी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सप्तपर्णीचा उग्र वास आणि सकाळी जमिनीवर पडलेला बुचाच्या फुलांचा सडा.

आता सांगा, डिसेंबरमधल्या एका सहलीत यातलं काय दिसणार? एका पानावरून अख्खी गोष्ट कळत नाही, तसंच हे आहे.

ज्यांनी नावं लिहून ठेवली, त्यांनी झाडं राखली

2007 च्या सुमारास या बागेच्या कायापालटाची मोठी योजना पुढे आली होती. प्राणिसंग्रहालय नव्या पद्धतीचं करायचं, पण त्यात जुन्या झाडांचं काय होणार, ही काळजी काही नागरिकांना वाटली. त्यांच्यात मोठे अधिकारी नव्हते. बागेत रोज येणारी, झाडांवर माया असलेली साधी माणसं होती. त्यांनी घोषणा दिल्या, अर्ज केले, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाडं मोजली, ओळखली आणि नोंदवली. अमुक जागी अमुक जातीचं झाड आहे, हे कागदावर आलं. "बागेत खूप झाडं आहेत" असं म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही. नावानिशी यादी समोर ठेवली की उत्तर द्यावं लागतं. पुढे ती योजना मूळ स्वरूपात राहिली नाही. या मंडळींनी लोकांना झाडं दाखवत फिरवणाऱ्या वृक्षफेऱ्या काढल्या, बागेवर पुस्तकही केलं. आणि हे सगळं पगार न घेता.

स्वयंसेवा म्हणजे काय, हे मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे शाळेतली स्वयंसेवा म्हणजे जुलैमधलं वृक्षारोपण. एक रोप, दहा हात, एक फोटो. पुढच्या जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यात नवं रोप. मधल्या अकरा महिन्यांत त्या रोपाला पाणी कुणी घातलं, हे कुणी विचारत नाही. मीही असे फोटो काढून घेतले आहेत, म्हणून हे दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच सांगते आहे.

मग करायचं काय?

"बाई, अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार? बसचं भाडं कोण देणार?" हे प्रश्न मलाही पडतात. म्हणून साधं, जमेल तेवढंच सुचवते.

1. वर्गाने एक झाड दत्तक घ्यावं. बागेतलं जमत नसेल तर शाळेच्या दारातला कडुनिंबही चालेल.
2. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बघायचं. कोवळी पानं आली? कळ्या? फुलं? फळं? कोण पक्षी, कुठला किडा? तारीख घालून वहीत लिहायचं. 'सीझनवॉच' या देशभर चालणाऱ्या उपक्रमात शाळा हेच करतात, तिथेही नोंदी देता येतात.
3. बागेची भेट शाळेने एकदा घडवावी, उरलेल्या तीन ऋतूंत पालकांनी न्यावं. आजी-आजोबांना सोबत घ्या. झाडांची गावाकडची नावं त्यांनाच ठाऊक असतात.
4. वर्षाअखेर निबंधाचा विषय बदला, 'आमच्या झाडाचं एक वर्ष'. कुणाच्या वहीतून उतरवून काढता येणार नाही असा हा निबंध होतो.

पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, संभाजी बाग आहे. तुमच्या गावात नगरपालिकेची जुनी बाग असेल, देवळामागची देवराई असेल. नाव वेगळं, काम तेच.

मागच्या वर्षी आमच्या वर्गाने शाळेसमोरचा बहावा निवडला होता. एप्रिलमध्ये त्याच्या फांद्या छाटायला माणसं आली, तेव्हा सहावीतला एक मुलगा धावत गेला आणि म्हणाला, "काका, आठ दिवस थांबा ना, कळ्या आल्यात." काका हसले, पण थांबले. कळ्या कधी आल्या हे त्या मुलाला माहीत होतं, कारण त्याच्या वहीत तारीख होती.

या वर्षी तुमच्या वर्गाचं झाड कुठलं? ठरलं की मला जरूर कळवा.