आमची गाडी कालच गेली!

द्वितीय वर्ष कला

शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही दोघे मित्र पनवेल स्थानकावर उभे होतो. पिशवीत आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि मोबाइलवर मडगावचे आरक्षित तिकीट. आमच्या आजोबांच्या तरुणपणी गोवा म्हणजे परदेशच. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. रेल्वेने जाताना कॅसलरॉक हे भारतातले शेवटचे स्टेशन आणि कुळे हे पलीकडचे. १९५५ साली ती वाहतूकही बंद झाली. इतिहासाच्या तासाला हे ऐकले तेव्हाच कुळे एकदा पाहायचे, असे आम्ही ठरवून टाकले होते. बेत साधा होता. रात्री कोकणकन्या, सकाळी मडगाव, तिथे गाडी बदलून कुळे आणि रविवारी परत.

तिकीट तपासनिसांनी तिकीट पाहिले, मग आमची तोंडे पाहिली आणि मायेनेच म्हणाले, "बाळांनो, तुमची गाडी कालच गेली."

आम्हाला वाटले, थट्टा करतात. थट्टा नव्हती. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते. पनवेलला येईतो बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. शुक्रवारच्या रात्री पनवेलहून निघायचे तर तिकिटावर शनिवार हवा. आम्ही शुक्रवार घातला होता. आमच्या घरी दिवस उजाडल्यावर बदलतो. उपास सुटतो तोही उजाडल्यावर. रेल्वेचा दिवस मध्यरात्री बदलतो, हे आम्हाला सांगणार कोण? वडिलांनी जन्मभर एसटीने प्रवास केला. एक एसटी चुकली तर पुढची येते, आणि म्हातारी धावत येताना दिसली तर कंडक्टर घंटी मारायचा थांबतो. तेवढ्या शिदोरीवर आम्ही आगगाडीच्या वाटेला गेलो होतो.

तिकिटाचे पैसे बुडाले. दोघांचे मिळून ते वडिलांच्या एका दिवसाच्या मजुरीएवढे होते. माघारी जायला लाज वाटली. सर्वसाधारण डब्याचे तिकीट काढून त्याच गाडीत शिरावे म्हटले, तर डब्याच्या दारातच माणसे लोंबकळत होती. रात्र फलाटावर काढली आणि सकाळी दिवा–सावंतवाडी गाडी धरली. खिडकीवर 'सावंतवाडी दोन' म्हणून तिकीट मागितले, कारण गाडीवर तेच नाव होते. थेट मडगावचे तिकीट मागता येते आणि वाटेत गाडी बदलता येते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

कोकण रेल्वे हा चमत्कार आहे, हे मात्र मान्य करायलाच हवे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, डोंगर पोखरून आणि दऱ्या ओलांडून नेलेला हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. पण बराचसा अजून एकेरी आहे. समोरून गाडी आली की एकीने बाजूच्या रुळावर उभे राहायचे, आणि हा उभे राहण्याचा मान बहुधा सावकाश जाणाऱ्या गाडीला मिळतो. आमचा सबंध दिवस असा मान स्वीकारण्यात गेला. भाकऱ्या चिपळूणच्या अलीकडेच संपल्या.

सावंतवाडीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मडगावची गाडी समोर उभी होती. पण आमचे तिकीट सावंतवाडीपर्यंतचेच! खिडकीवरच्या रांगेत उभे राहून तिकीट हातात आले, तेव्हा गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पुढे मडुरे आणि त्यापुढे पेडणे, म्हणजे गोवा. सोमवारी चाचणी परीक्षा होती आणि खिशात परतीपुरते पैसे उरले होते. रात्र मळगावच्या त्या फलाटावर काढून रविवारी परत फिरलो. परदेश राहिला तो राहिलाच.

यात दोष कोणाचा? आमचाच, आणि तो मी नाकारत नाही. पण वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा एक मित्र म्हणाला, "एवढे साधे कळत नाही?" त्याचे वडील नोकरीनिमित्त मुंबई–दिल्ली करतात. त्याला हे कोणी शिकवले नाही, घरात ऐकून कळले. अभ्यासाची पुस्तके वाचनालयात मिळतात. फॉर्म कसा भरायचा, साहेबाशी कसे बोलायचे, गाडी कुठे बदलायची हे शिक्षण काही घरांत फुकट मिळते आणि काही घरांत ते पैसे बुडवून विकत घ्यावे लागते. आता सगळे मोबाइलवर असते, असे म्हणतात. मोबाइलने आमचा शुक्रवार निमूटपणे घेतला. "म्हणजे कोणती रात्र?" असे त्याने एकदाही विचारले नाही.

शिवाय जोडगाडी हा काय फक्त प्रवाशाचा खाजगी प्रश्न आहे? पनवेलहून रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे, मडगावहून कुळ्याला दक्षिण पश्चिम रेल्वे. तिघींचे कारभार निराळे, प्रवासी मात्र एकच. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून वेळापत्रकच असे आखतात, की मोठ्या स्थानकांत निरनिराळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी याव्यात आणि माणसाने फलाट ओलांडून पुढची पकडावी. युरोपात जून २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे एका तिकिटावरच्या प्रवासात जोडगाडी चुकून तासाहून अधिक उशीर होणार असेल, तर पैसे परत घ्यायचे की पुढच्या गाडीने मुक्कामी पोचायचे, हे प्रवासी ठरवतो. आपल्याकडेही १ एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित तिकिटे जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण ती आरक्षण करणाऱ्यांसाठी. सर्वसाधारण डब्यात जाणाऱ्याची जोडगाडी त्याच्या नशिबावरच राहते, आणि आमच्यासारखी पोरे बहुतेक त्याच डब्यात असतात.

माझे मागणे फार नाही. मध्यरात्रीनंतरच्या गाडीच्या तिकिटावर 'शुक्रवारची रात्र, उजाडता शनिवार' असे मराठीत छापावे. खिडकीवर "शेवटी जायचे कुठे?" एवढा एक प्रश्न विचारला जावा. आणि आपल्या महाविद्यालयात, जिथून दिवा, कर्जत, रोहे, मुंबई अशा चारही दिशांना गाड्या सुटतात त्या गावच्या महाविद्यालयात, जूनमध्ये नव्या मुलांना कोणी तासभर वेळापत्रक वाचायला शिकवावे. शिकवायला कोणी नसेल तर मी तयार आहे. शुल्क भरून झाले आहे.

दिवाळीनंतर आम्ही दोघे पुन्हा निघणार आहोत. तिकीट शनिवारचे काढले आहे, थेट मडगावचे. आईने विचारले, "मग शुक्रवारी रात्री कुठे चाललात?"